खुडलेला शेंडा

बोटं चिकट लागली तेव्हा मला कळलं. त्याच्या आधी काहीच कळलं नाही. गच्चीच्या कठड्याला टेकून मी उभी होते. मागं जुन्या लुगड्यावर कुरडया टाकलेल्या, समोरच्या गच्चीवरून सुलाबाई तिच्या नणंदेच्या पोराच्या सोयरिकीचं सांगत होती आणि मी हूं हूं करत होते. सुलाबाईचं बोलणं म्हणजे चालू नळ, खाली घागर असो की नसो. मधेच ती थांबली आणि माझ्या हाताकडं बघून म्हणाली, "चतुराबाई, ते काय तोडलं वो?" मी हात वर केला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधी एक कोवळा कोंब होता, मेणबत्तीसारखा सरळ, पिवळट हिरवा, अंगावर पांढरी लव. मोडल्या जागी थेंब आला होता. पाण्यासारखाच, पण पाणी खाली पडतं, हा पडत नव्हता. कठड्याच्या पलीकडं त्या डोंगराकडच्या चिडाच्या झाडाचा शेंडा होता तिथं आता काही नव्हतं. भोवतीच्या फांद्या होत्या, तोंडं बाहेर करून पसरलेल्या, आणि मधली जागा रिकामी. "काय न्हाई, काडी हाय," मी म्हणाले आणि कोंब ओच्यात खोचला. सुलाबाईचा नळ पुन्हा चालू झाला.

हात माझाच होता, पण मला न विचारता गेला होता. याचं मला नवल वाटलं नाही, आणि नवल वाटलं नाही याचंही काही वाटलं नाही. दिवाळीनंतर असंच चाललंय. पेडगावला आम्ही रानात होतो तेव्हा तुरीचे शेंडे खुडायला माझ्यासारखी बाई गावात नव्हती. तूर गुडघ्याच्या वर आली की बायांची रांग लागायची. नखात शेंडा धरायचा, चट्. पुढं. चट्. पुढं. डोळ्यांनी बघायचं नाही आणि तोंड बंद ठेवायचं नाही. कुणाची सासू कशी, कुणाच्या घरी कोण रुसलं, गावाचं सगळं त्या रांगेत निघायचं. शेंडा खुडला की तुरीला बाजूनं फुटवे येतात, झाड पसरतं, शेंगांनी भरतं. नुसती वर गेलेली तूर दिसायला उंच, लागायला काही नाही. आमच्याकडं हे कुणाला शिकवावं लागत नाही. शेंडा खुडणं म्हणजे झाडाला मारणं नाही, भरायला लावणं. तेव्हा तोंडात सुलाबाईच्या नणंदेचा पोरगा आणि हाताजवळ कोवळा शेंडा, म्हटल्यावर हात त्याचं काम करणारच. हाताला काय माहीत हे झाड तुरीचं नाही.

"याला एकच शेंडा आसतो," हे म्हणायचे. हे म्हणजे माझे मालक. नाव मी लग्नात घेतलं तेवढंच. "बाकीची झाडं कशीबी वाढत्यात. हे झाड एकालाच वर पाठवतं. तो गेला की याला म्होरं काय करावं सुदरत न्हाई." मी म्हणायची, "तुमच्यासारखंच हाय मंग. एक नाद धरला की दुसरं सुदरत न्हाई." ते हसायचे. त्यांना टोमणा लागत नसे, हाच त्यांचा मोठा दोष होता. माझ्यासारख्या बाईनं धार लावलेली विळी आयुष्यभर पाण्यावर चालवली.

तसं बघितलं तर बिघडलं काहीच नव्हतं. दुपारून मुंजाजी कुऱ्हाड घेऊन येणारच होता. पेडगावचाच तो, झाडं तोडायची कामं घेतो. बन्सीधरनं, माझ्या पोरानं, गाडी घेतली. जिंतूर रोडला त्याचं शेतातल्या पंपांच्या जळलेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान आहे, चालतं बरं. गाडी रस्त्यावर उभी राहते, कॉलनीतली पोरं तिच्यावर बोटानं नावं काढतात, आणि घरापुढच्या जागेत झाड उभं. त्यानं मला विचारलंसुद्धा नाही असं नाही. विचारलं. "आई, ते झाड काढूत ना आता? तूच म्हणायलीस नेहमी." मी म्हणायचीच. सगळ्या कॉलनीला माहीत आहे. अंगणात सुयांसारखी ती वाळली पानं झाडताना मी मोठ्यानं म्हणायची, "तुमच्या माघारी पयलं हे झाड आडवं करीन, मंग रडाय बसंन." ते आरामखुर्चीतून म्हणायचे, "उलटं कर. आधी रड. मंग तोड." म्हटलं, पोरगा बरोबर बोलतोय. शब्द माझा आहे आणि मी शब्द मागं घेणारी बाई नाही, माहेरची नाही आणि सासरचीही नाही. म्हणाले, "बग तुझं तू." ते त्याला होकारासारखं ऐकू गेलं. होकारच असेल. मला तेव्हा आतून काही ऐकू आलं नव्हतं.

मग दुपारी ज्याची मान जायची त्याची सकाळी शेंडी गेली तर एवढं काय? जिना उतरताना मी हेच म्हणत होते. गुडघा धरून एक एक पायरी. पण ओच्यात तो कोंब होता आणि चालताना पोटाला लागत होता, टोचत नव्हता, नुसता असल्याचं कळत होतं. लेकरू पोटात फिरतं तेव्हा पहिल्यांदा कळतं तसं काही नव्हे, उगं मोठं करून सांगायचं नाही. खिशात किल्ली असल्यासारखं.

मोरीत गेले, हात धुतले. साबण लावला, जाईना. राख लावली, जाईना. लिंबाची फोड चोळली. बोटाला बोट चिकटायचं आणि सुटताना बारीक आवाज व्हायचा. आणि वास. तो वास मला माहीत होता आणि कुठला ते येत नव्हतं. आपलं माणूस बाजारात पाठमोरं दिसावं आणि नाव आठवू नये तसं. पंकजा, माझी सून, भाकरी थापत होती. मागं न बघता म्हणाली, "गोडं तेल लावा मामी, राळ तेलानंच जाती." मी म्हणाले, "राळ कोण म्हणलं तुला?" ती म्हणाली, "मामाच लावायचे ना. हात असेच करून यायचे." मी तेल नाही लावलं. सुनेनं सांगितलं म्हणून नाही लावलं असं तिला वाटलं असेल. वाटू द्या.

पालमहून यात्रेची गाडी निघाली होती, बद्रीकेदारची. बन्सीधरचं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. आमची म्हैस व्यायला झालेली, मी गेले नाही, हे गेले. उभा जन्म कालव्यावर पाटकरी म्हणून काढलेला माणूस. कुणाच्या रानात कधी पाणी सोडायचं, कुणाचं दार कधी पाडायचं, याच्या पलीकडं ज्याला जग नाही, तो डोंगर बघून आला. गाडी परत आली तेव्हा आम्ही बाया वेशीवर वाजंत्री घेऊन गेलो. प्रत्येकाच्या हातात गंगेचा गडू, गळ्यात माळा. यांच्या हातात गडू होता, पण तो काखेत मारलेला, आणि दोन्ही हातांत धोतराच्या फडक्याचं गाठोडं. मला वाटलं प्रसाद असेल. मावंद्याच्या दिवशी गाव जेवायला, पाटावर गंगेचे गडू मांडलेले, त्यांना हळद-कुंकू, आणि यांनी त्या गडवाच्या शेजारी गाठोड्यातून काढून चिडाच्या झाडाचं एक लाकडाचं फूल ठेवलं. मुठीएवढं, पाकळ्या लाकडाच्या, उघडलेल्या. माझ्या जावेनं पदर तोंडाला लावला, "भावजी, हे कोन्तं दैवत म्हणावं?" हे म्हणाले, "लय उंच हाय." पंगत हसली. मी लाडू वाढत होते आणि कानाची पाळी तापली होती. लोकांच्या नवऱ्यांनी गंगा आणली, माझ्यानं जळण आणलं. गाठोड्यात दुसरं काय होतं म्हणाल तर माती. त्या झाडाखालची, कुजक्या पानांची, पांढरे दोरे पडलेली माती. आमच्या इथं मुळाशी असं पांढरं दिसलं की माणूस औषध आणायला पळतो. हे म्हणाले, "त्याचं खाणं हाय ते. त्याच्याबिगर ते जगत न्हाई, पुजाऱ्यानं सांगितलं." पुजारी झाडाचं सांगतो आणि पाटकरी ऐकतो, असली ती यात्रा.

त्या फुलाच्या पाकळ्यांत बिया होत्या, एकेका बीला पंख, मुंगळ्याला येतो तसा. दुधाच्या पिशव्यांत ती माती भरून त्यांनी लावल्या. बऱ्याच सडल्या. ज्या उगवल्या त्यांतली एक तेवढी तगली. उगवली तेव्हा डोक्यावर बीचं टरफल तसंच, लेकराच्या टोपऱ्यासारखं. हे सकाळी उठून आधी त्याच्याकडं. मी तेव्हा सून येईल, नातवंडं येतील या तयारीत, आणि म्हातारा दुधाच्या पिशवीपाशी उकिडवा बसलेला. पेडगावचं रान भावकीत वाटलं गेलं, आम्ही परभणीला या घरात आलो, तेव्हा सामानाच्या टेम्पोत हे पुढं बसले, मांडीवर ते रोप घेऊन. मी मागं, पत्र्याच्या पेट्यांवर.

इथं आल्यावर तर जगाच्या उलटं केलं. परभणीची काळी माती, लोक लांबून गाड्या भरून नेतात, यांनी घरापुढं कमरेइतका खड्डा घेतला आणि काळी माती काढून फाटकाबाहेर टाकली. कॉलनीतल्या बाया टोपल्या घेऊन आल्या, दुपारपर्यंत ढीग संपला. खड्ड्यात मुरूम भरला, गोटे, वाळू. म्हणाले, "काळ्या रानात पानी बसतं. याच्या पायाला वल सोसत न्हाई." मी म्हणाले, "आन् हितलं ऊन सोसतं व्हय?" उन्हाचं त्यांच्याकडं होतं. मावळतीच्या अंगाला दोन बांबू आणि गोणपाट, गोणपाट दुपारी ओलं करायचं, झाड नाही. पाणी तांब्यानं. सगळ्या तालुक्याच्या रानांत पाट सोडणारा माणूस आपल्या झाडाला तांब्यानं पाणी द्यायचा आणि तेसुद्धा माती बोटानं उकरून बघून. मी चूळ भरून टाकली तरी ओरडायचे. खाली पडलेली पानं काढू द्यायचे नाहीत. "आंथरूण हाय त्याचं." मी काढायची. सकाळी मी झाडायची, ते दुपारी उकिरड्यावरून उचलून आणून परत पसरायचे. आमच्यात दुसरं बोलणं काय होतं म्हणाल तर आता आठवावं लागेल. पण हे भांडण रोजचं, कधी न चुकलेलं. देवाची पूजा चुकली असेल एखाद्या दिवशी.

एक गोष्ट मात्र मला त्या झाडाची सोसवत नसे. वारं सुटलं की त्या सुयांतून आवाज यायचा, लांबून पाऊस येतो तसा. फाल्गुन-चैत्राचं ऊन, आभाळात कापसाएवढा ढग नाही, आणि आवाज पावसाचा. पहिल्या पहिल्यांदा मी घरातून पळत सुटायची, जिना चढून वर, वाळवण गोळा करायला. वर गेल्यावर लख्ख ऊन. आणि खाली खुर्चीत हे हसतायत. "फसली, फसली." म्हातारपणी माणसानं बायकोला असं फसवावं? पुढं पुढं मला माहीत होतं पाऊस नाही, तरी पाय उठायचे. आणि त्यांचं एक ठरलेलं होतं. जिन्यानं वर यायचं, कठड्यावरून वाकायचं, शेंडा किती खाली आहे ते बघायचं. "कठड्याला लागला की मावंदं घालतो. गाव जेवू घालतो." मी म्हणायची, "आधी घरचं नीट जेवा." मावंदं कसलं आणि काय. कार्तिकात एका सकाळी खुर्चीतच गेले. तोंडावर माशी बसली तेव्हा मला कळलं. कालव्याचं दार पाडल्यावर पाटातलं पाणी थोडा वेळ चालतच राहतं म्हणतात, तसं मी त्यांना आणखी दोन वाक्यं बोलले, पानं आंथरल्यावरून, आणि मग माशी बघितली.

बाया आल्या, गळ्यात पडल्या, हेल काढले. मला रडू आलं नाही. मी बघत होते की चहा सगळ्यांना मिळाला का आणि पाहुण्यांच्या चपला उन्हात तर पडल्या नाहीत. सुलाबाई कुणाला तरी म्हणाली, "दगड हाय बाई," आणि मला वाटलं, बरोबर बोलली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. यांचे कपडे वाटून टाकले. एक पंचा राहिला होता, त्याचं मी त्याच आठवड्यात ओट्याचं फडकं केलं. पंकजा बघत राहिली. मी म्हणाले, "कपडा हाय, पुसाय लागतं." मग असंच झालं. भाजीचं मीठ मी नजरेनं टाकणारी, मला चव कळेनाशी झाली. पंकजा गुपचूप चाखून बटाटा चिरून टाकायची, मला दिसत होतं, मी काही बोलले नाही. हे असताना माझ्या भाजीत कुणी असं काही टाकलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. एकदा तव्याला हात चिकटला, वास आला म्हणून काढला. चहाला साखर कणभर कमी पडली तर कप परत पाठवणारी मी. दसऱ्याला दवाखान्यात शुगर निघाली, डॉक्टरनं साखर बंद सांगितली, तर त्याला म्हणाले होते, तुमचीच फी बंद करते. ती मी पुढं येईल ते पीत होते. आणि झाड उभंच होतं. पानं मी झाडत नव्हते आता, कुणी अडवणारं नव्हतं तर झाडायचं कशाला. पाणी कुणी देत नव्हतं. गोणपाट वाऱ्यानं फाटून गेलं. आणि तेवढ्यात ते कठड्यापाशी येऊन पोचलं होतं, मला न सांगता, मी वर कुरडया घालेपर्यंत.

जेवून मी जरा आडवी झाले आणि हात तोंडाजवळ आला आणि वास कुठला ते आठवलं. पोळ्याचा. बैलांच्या शिंगांना रंग देतात, त्या रंगाच्या डब्यात घालतात त्या टरपेंटाइनच्या तेलाचा. मी नवी नवरी, पेडगावच्या वाड्यावर सासू मला बैल ओवाळायला घेऊन गेलेली आणि हा माणूस, ज्याचं तोंडसुद्धा मी धड बघितलं नव्हतं, बैलाच्या मानेशी बसून शिंग रंगवत होता. एकच शिंग, कधीचा. सासू ओरडली, "बापा, दुसरं दिवाळीला रंगवायलास काय?" त्यांनी वर बघितलं. बोटं लाल, नाकावर लाल. ते शिंग जरा वाकडं होतं. मी माहेरी बघितलेलं, माझे वडील गोऱ्ह्याचं शिंग कोवळं असताना वाकडं जायला लागलं की लाकडाची काठी लावून फडक्यानं बांधायचे, सरळ शिंगाच्या जोडीला. दोन पोळे जाईपर्यंत सोडायचे नाहीत. मी नवी नवरी, बोलू नये, आणि बोलले, "बारीक आसताना बांधलं नसंल कुनी." पहिलं वाक्य माझं त्यांच्याशी. टोमणाच. आणि ते हसले.

मी उठून बसले. छताचा पंखा फिरत होता. ओच्यात हात घातला तर कोंब मऊ पडला होता, मान टाकली होती त्यानं.

बांबू अंगणात पडलेले होतेच, गोणपाटाचे. एक बारका बघून घेतला. ओट्यावरचं फडकं घेतलं. पंकजानं विचारलं, "मामी, कुठं?" मी म्हणाले, "कुरडया उलटायला." बांबू घेऊन कुरडया उलटायला कोण जातं, पण तिनं विचारलं नाही, शहाणी आहे. वर ऊन कडक होतं. कठडा तापलेला असणार. मी वाकून खोड जवळ ओढलं. शेंड्याच्या जागी आता थेंब पांढुरका होऊन बसला होता, जखमेवर धरते तशी खपली. भोवतीच्या फांद्यांतली एक कठड्याकडं आलेली होती, घराकडं तोंड करून. बाकीच्या रस्त्याकडं. हीच घेतली. हिच्या टोकालाही कोंब होता, बारका. बांबू खोडाला धरला तर एका हातात मावेना, बांधायला दुसरा हात पाहिजे, आणि फांदी सुटून तोंडावर यायची. सुया डोळ्यात. तीन तीनची जुडी, बेलाच्या पानासारखी. हे मला दाखवायला आले होते एकदा, मी बघितलं नव्हतं.

खाली मोटरसायकल थांबली. मुंजाजी. कुऱ्हाड मागं बांधलेली, खांद्यावर दोर. त्यानं वर बघितलं. "काकू! शेंड्याला दोर लावायचाय का? ऱ्हाऊ द्या, मी येतो."

"दोर फेक वर," मी म्हणाले.

त्यानं फेकला. जाड होता. मी म्हणाले, "हा म्हशीचा हाय. सुतळी हाय का?" त्यानं पिशवी उकरून सुतळीचं बंडल फेकलं. मी दातानं तोडून बांबू खोडाला बांधला, दोन ठिकाणी, आवळून. मग फांदी वर उचलली, हळू, बांबूला लावली. ती येत नव्हती. तिला वर जायचंच नव्हतं, जन्मापासून आडवं जायची सवय. फडक्याची पट्टी फाडली आणि तिला लपेटून, सैल, रुतणार नाही अशी गाठ मारली. मग अजून एक. बोटं सगळी राळेनं भरली.

एवढ्यात बन्सीधर गाडी घेऊन आला. फाटकाबाहेर गाडी उभी करून त्यानं आधी काचेवरची धूळ बघितली आणि मग मला. "आई, काय करायलीस तिथं?"

"दिसंना का तुला?"

"मुंजाजी आलाय ना. खाली ये. पडशील."

"पडले तर तुझ्या गाडीवर पडंन, काळजी करू नको."

मुंजाजी हसला. बन्सीधर जिना चढून वर आला. कुरडया ओलांडताना एक त्याच्या बुटाखाली चुरली. झाडाकडं बघितलं, फडक्याकडं बघितलं. त्यानं ते ओळखलं असणार, पंच्याचा काठ होता त्याला. हळू आवाजात म्हणाला, "आई, तूच म्हणायलीस आण्णाला. किती वर्षं. मी काय माझ्या मनानं करायलाव का?"

"त्यायच्या तोंडावर म्हणले व्हते," मी म्हणाले. "तुझ्या तोंडावर न्हाई. भांडण आमचं व्हतं. तू कामून त्याचा वारस व्हायलास?"

"आन् गाडी? रस्त्यावरच ठिवायची का?"

"ऊन लागून वाळती का ती? कुरडई हाय का?"

त्याच्या कानाची पाळी लाल झाली होती. माझ्यासारखी. लहानपणी रागावला की अशीच व्हायची. त्यानं खाली वाकून चुरलेल्या कुरडईचे तुकडे गोळा केले आणि कठड्यावर ठेवले, चिमण्यांना. खालून मुंजाजी ओरडला, "काकू, मंग मी जाऊ का थांबू? तोडायचं का न्हाई ते सांगा एकदाचं. पेडगावाहून आलो म्हणलं."

"मुंजाजी," मी वाकून म्हणाले, "ते तोडायच्या आधीचं एक काम ऱ्हायलंय माझं. ते झाल्याबिगर तोडता येत न्हाई."

"कोन्तं काम? सांगा, मी करून टाकतो की आत्ताच."

"ते तुझ्यानं व्हत न्हाई."

बन्सीधरनं माझ्याकडं बघितलं. तो तेव्हा अंगणात असायचा, खुर्चीतून बाप काय म्हणायचा ते त्यानंही ऐकलं होतं. उलटं कर. आधी रड. त्यानं माझी नजर सोडली, कठड्यावर हात ठेवला आणि चटका बसून उचलला. मग जिन्यापाशी जाऊन खाली म्हणाला, "मुंजाजी, च्या पिऊन जा. आज न्हाई करायचं."

"सुतळी ऱ्हायली माझी," मुंजाजी म्हणाला.

"ती दोन पोळे सुटायची न्हाई," मी म्हणाले.

वाक राहील. गोऱ्ह्याच्या शिंगालाही राहतो, किती बांधलं तरी. लांबून कळत नाही, हात फिरवला की कळतो. आणि फांदीनं ऐकलं नाही तर काहीच व्हायचं नाही, झाड असंच पसरेल बुटकं, तुरीसारखं. सांगता येत नाही. मी कुरडया उलटत बसले. मुंजाजीची मोटरसायकल गेली. बन्सीधर खाली गाडी पुसत होता, फडक्याचा आवाज येत होता. वारं सुटलं आणि सुयांतून तो आवाज आला आणि माझे पाय उठले, अर्धे. मग खाली बसले. रडू येतं का बघितलं. आलं नाही. आत सगळं उन्हाळ्यातल्या पाटासारखं, तळाला भेगा.

पंकजा चहा घेऊन वर आली. सावलीच्या तुकड्यात बसली, मला कप दिला, झाडाकडं बघितलं. मी घोट घेतला. जीभ थांबली.

"पंकजा, साखर इसरलीस."

ती माझ्याकडं बघत राहिली. "मामा गेल्यापासून न्हाई घालत, मामी," ती म्हणाली. "डॉक्टरनं सांगितलं व्हतं. तुमी पेत व्हता, म्हणून मी बोलले न्हाई."

"इतके दिवस?"

"इतके दिवस."

मी कप तिच्यापुढं धरला. "मंग आज घाल. आन् गरम करून आन. डॉक्टरला मी बगते."

ती खाली गेली. जिन्यावर तिची पावलं भराभर वाजली, पळत गेल्यासारखी, आणि खाली बन्सीधरला काहीतरी म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. फडक्याचा आवाज थांबला. बांधलेल्या फांदीचं टोक अजून आडवंच बघत होतं. ती परत आली, कप दिला. मी फुंकर घातली नाही, घोट घेतला. गोड होता, आणि लय गरम. जीभ भाजली.